कर्ज सेटलमेंट एजन्सी: पाचपैकी दीड तारा

‘दिवाळखोरी टाळा, कर्ज निम्म्यावर आणा’ म्हणणाऱ्या एजन्सी प्रत्यक्षात एकच काम करतात: तुमच्या वतीने बँकेशी घासाघीस. हे काम खोटं नाही, पण महाग आहे.

नोंदणी, दरमहा शुल्क आणि वर टक्केवारी. ही टक्केवारी कशावर, ते करारात आधी शोधा. ४ लाखांची थकबाकी २ लाखांत मिटली आणि फी थकबाकीच्या १५ टक्के असेल, तर ६०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०,८०० रुपये. वाचलेल्या रकमेवर असेल तर बरोबर निम्मे.

खरी गोम ‘हप्ते थांबवा’ या सल्ल्यात आहे. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत वर्गात, जातं, मग बँक तडजोडीला बसते, हे एजन्सीचं गणित. तोवर व्याज-दंड चढतो, ऑटो-डेबिट परत गेलं की फौजदारी तक्रार होऊ शकते, आणि बँक जामीनदाराच्या दारात जाते. कोर्टात एजन्सी उभी राहत नाही. गृहकर्ज, वाहनकर्ज किंवा सोनेतारण असेल तर या वाटेला जाऊच नका. तारण बँकेकडेच आहे, ती सूट कशाला देईल?

वसुलीच्या फोनपासून ‘संरक्षण’ही विकतात. बँकेच्या वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम. बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. दमडी लागत नाही.

सेटलमेंट पत्र मात्र नीट वाचा. बँकेचं लेटरहेड, कर्ज खाते क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख, ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द, आणि चालू केस मागे घेण्याचं कलम. पैसे थेट कर्जखात्यातच भरा. एक हप्ता चुकला तरी सहसा सूट रद्द होते. सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, ‘सेटल्ड’ लागतं, ‘क्लोज्ड’ नाही, आणि पुढचं कर्ज अडतं.

आणि खरी दिवाळखोरी? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. बाकीच्यांना जुनेच कायदे: मुंबई शहरात १९०९ चा, अर्ज उच्च न्यायालयात, पुणे-नाशकात १९२० चा, अर्ज जिल्हा न्यायालयात. किमान कर्ज ५०० रुपये, आकडा तेव्हाचाच! मालमत्ता मुंबईत ऑफिशियल असाइनीकडे, इतरत्र कोर्टाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. पीएफ, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं सुटतात. पगाराचे पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीबाहेर, म्हणजे ४०,००० पगारात १३,००० पर्यंतच हात लागतो. सरकारी देणी, फसवणुकीतली देणी आणि पोटगी माफ होत नाहीत. अर्जाआधीच्या दोन वर्षांत घर बायकोच्या नावे बक्षीसपत्राने केलं असेल तर ते उलटवता येतं.

एजन्सीला पैसे मोजण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा आणि प्रकरण दाखलपूर्व (खटला दाखल होण्याआधीचं) म्हणून लोकअदालतीत ठेवायला सांगा. कोर्ट फी नाही, आणि तिथल्या तडजोडीच्या निवाड्यावर अपील नाही. जाताना कर्जाचा उतारा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि एकरकमी किती भरू शकता तो आकडा लिहून न्या. आकडा नसेल तर बँकेचा माणूस पुढची तारीख मागून मोकळा होतो.