‘अस्सल आवाजा’च्या नावाखाली १,२३,५०० रुपये गेले. पालकांनो, वाचा

आधी ४५,०००, मग ६०,०००, आणि शेवटी ‘कॉपी तपासणी’चे म्हणून १८,५००. सगळे यूपीआयने, लेकीचा कॉलेजच्या अर्जाचा निबंध लिहून देणाऱ्या एका माणसाच्या वैयक्तिक खात्यात. पावती मागितली की ‘देतो मॅडम’. ती आजपर्यंत आलेली नाही.

लेकीला अमेरिकेतल्या कॉलेजांत अर्ज करायचा होता. कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना एकत्र अर्ज करण्याच्या वेबसाइटवर, मुख्य निबंध असतो, जास्तीत जास्त ६५० शब्दांचा, आणि त्यात मूल कसं आहे ते दिसायला हवं. आमच्या घरात कोणी परदेशात शिकलेलं नाही, माझं इंग्रजी बँकेच्या पत्रांपुरतं. १ नोव्हेंबरची मुदत डोक्यावर. अशा वेळी माहीतगार माणसाकडे कोण जाणार नाही? मी भोळी नाही. २० वर्षं कर्जाच्या फायली तपासते आहे.

लेकीने स्वतः एक कच्चा निबंध लिहिला होता. आमच्या सोसायटीत टँकर येतो. किती वाजता आला, किती मिनिटं पाणी पडलं, हे ती दोन वर्षं एका वहीत लिहीत होती. त्यावरून तिने सेक्रेटरींशी घातलेला वाद, असा तो निबंध. तो गृहस्थ म्हणाला, ‘यात दम नाही. मुलाखत घेऊन तिच्याच आवाजात लिहवून घेऊ.’ मुलाखत २० मिनिटांची झाली.

आठवड्याने पीडीएफ आली. त्यात गावाकडची आजी वारली होती आणि तिच्या चुलीच्या धुरात लेकीला आयुष्याची दिशा सापडली होती. तिची आजी तेव्हा शेजारच्या खोलीत मेथी निवडत बसली होती! लेक म्हणाली, ‘आई, ही मी नाहीये. मी असं बोलतच नाही.’ मी म्हणाले, ‘त्यांना जास्त कळतं, तू गप्प बस.’ ६०,००० चा दुसरा हप्ता मी त्याच रात्री भरला. एखाद्या फाइलीत जिवंत माणूस मयत दाखवलेला दिसला असता तर मी ती तिथल्या तिथे परत पाठवली असती. घरच्या कागदाला मात्र मान डोलावली.

डिसेंबरात एका कॉलेजचा ईमेल आला: मजकूर दुसऱ्या अर्जाशी जुळतो, खुलासा करा. त्याने तोच निबंध आणखी कुणाला तरी विकला होता. अर्ज रद्द झाला. ‘हे माझंच काम आहे’ या विधानाखाली सही मुलाची असते, म्हणून खोटी ठरली माझी लेक. एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणंही कॉमन अ‍ॅपच्या नियमांत फसवणूकच आहे, तेव्हा ‘आम्ही एआय वापरून झटपट देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पोलीस चौकीत ऐकायला मिळालं, ‘पैसे तुम्हीच दिलेत ना? मग फसवणूक कसली?’ सायबरवाल्यांनी परत चौकीत पाठवलं. तीन खेपा झाल्या, तीन दिवसांची रजा गेली, आणि प्रत्येक वेळी नव्या माणसाला आजीच्या मरणापासून सगळं सांगायचं. एकाने तर विचारलं, ‘मुलीनेच का नाही लिहिला?’ ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही, हे त्यांच्यापैकी एकानेही सांगितलं नाही. मला ते सहकाऱ्याकडून कळलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका, माझ्याकडे आता तेवढाच पुरावा आहे.

जानेवारीच्या मुदतींसाठी लेकीने टँकरचा निबंध तीन रात्रींत पुन्हा लिहिला. मला दाखवला नाही. मी मागितलाही नाही.