इसबगोल की लोपरामाइड: शेक घेतल्यानंतरची घाई

प्रोस्टेटचे शेक, म्हणजे रेडिएशन, संपून वर्ष उलटलं, आता सुटलो असं वाटलं, आणि तेव्हा ही शौचाची घाई सुरू झाली. कळ आली की हातात दोन मिनिटं, फार तर तीन. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: रोज इसबगोल किंवा बेताने लोपरामाइड, म्हणजे जुलाब थांबवायचं औषध. मी दोन्ही करून पाहिलं.

बहुतेकजण इसबगोलपासून सुरुवात करतात, आणि करावीही. शौच बांधून येतं, आवरायला सोपं जातं. तासाभरात पुन्हा जाणं, पुसून पुसून कातडी सोलवटणं, हे माझं बरंच कमी झालं. गुण यायला काही दिवस लागतात, पाणी भरपूर प्यावं लागतं. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार गॅसची. शेक लागलेल्या गुदाशयाला खाली आलंय ते गॅस आहे की शौच, हे नीट कळत नाही. आयुष्यभर जे आपोआप समजायचं, ते आता अंदाजाने ठरवायचं. इसबगोलने हा अंदाज बांधायची वेळ दिवसातून दहादा आणली. एकदा लिफ्टमध्ये गॅस समजून सैल सोडलं, आणि तो गॅस नव्हता. तळमजला येईपर्यंत पाठ भिंतीला टेकवून उभा होतो. शेजारचे गृहस्थ पावसाबद्दल बोलत होते आणि मी हो हो म्हणत होतो. शिवाय शेकाने गुदाशय ताठर होतं, पूर्वीसारखं ताणत नाही. त्यात शौचाचा आकार वाढवणं मला तरी मानवलं नाही. तुम्हाला कदाचित मानवेल.

लोपरामाइडने आतड्याची चाल मंदावते आणि गुदद्वाराचा स्नायूही जरा आवळतो. त्याचंही दुखणं आहेच. 2 मिलीग्रॅमच्या कॅप्सूलने माझं दोन दिवस पोटच साफ झालं नाही. तिसऱ्या दिवशी खडा, कुंथणं आणि थोडं रक्त. मग डॉक्टरांनी पातळ औषध देऊन मात्रा 1 मिलीग्रॅमवर आणली, जेवणाआधी अर्धा तास. माझी घाई जेवणानंतरचीच असल्याने हे बरोबर बसलं. मात्रा मात्र मनाने वाढवू नका. फार झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

रक्त दिसलं तर या दोन्हींचा विचार नंतर, आधी दाखवून घ्या. दुर्बिणीने तपासणार असतील तर शेक घेतल्याचं न विचारता सांगा. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला शेक जास्त लागलेला असतो, तिथला तुकडा तपासायला काढला तर जखम लवकर भरत नाही. स्नायू आवळायचे व्यायाम काहीही घेतलं तरी चालू ठेवावेत.

इसबगोल मी टाकून दिलेलं नाही. घरीच असलो तर रात्री अर्धा चमचा घेतो. दुसऱ्या दिवशी बाहेर जायचं असेल तर डब्याला हात लावत नाही.