मुक्त सॉफ्टवेअरवर घर चालतं का? देणगी, नोकरी, सपोर्ट आणि लायसन्स यांची तुलना

तुमचा एक मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प आहे, म्हणजे ज्याचा कोड कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा असा. लोक तो वापरतात, रोज कोणी ना कोणी बग कळवतं, आणि नोकरी सोडून पूर्ण वेळ यालाच द्यावा का हा विचार डोक्यात घोळतोय. अशा वेळी दोन तऱ्हेचे सल्लागार भेटतात. एक विचारतो, फुकट वाटलेल्या वस्तूवर कोणाचं पोट भरलंय? दुसरा मुक्त सॉफ्टवेअरवर मोठ्या झालेल्या रेड हॅट कंपनीकडे बोट दाखवतो. पहिल्याला लायसन्स ठाऊक नसतं, दुसऱ्याला रेड हॅटचा हिशेब.

विकायला बंदी कधीच नव्हती. १९८५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन ईमॅक्स या आपल्या टेक्स्ट एडिटरची टेप १५० डॉलरला विकत होते. जीपीएल, म्हणजे त्यातल्या कोडवरून बनवून वाटलेलं सॉफ्टवेअरही मुक्तच ठेवायला लावणारं लायसन्स, तेही विक्रीला आडकाठी करत नाही. अडचण एवढीच, की पहिल्या गिऱ्हाइकाला तीच प्रत पुढे वाटायचा पूर्ण हक्क असतो, म्हणून प्रतीचा भाव शून्याकडे घसरतो. मग विकण्यासारखं राहतं ते कोडच्या भोवतीचं: तुमचा वेळ, जबाबदारी घेणारी सही, चालू ठेवलेला सर्व्हर, वेगळ्या अटींचं लायसन्स. खालचे सगळे मार्ग यातलंच काही ना काही विकतात. त्यांची तुलना करताना मी आधी एकच गोष्ट बघतो: पैसे देणाऱ्याच्या वहीत ही रक्कम कोणत्या खात्याला पडते? देणगीच्या, पगाराच्या की खरेदीच्या? कोडचा दर्जा किंवा वापरणाऱ्यांची संख्या यांपेक्षा उत्पन्न यावर जास्त ठरतं.

देणगी

सगळ्यात सोपा मार्ग. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर २०१९ पासून स्पॉन्सरचं बटण आहे, पेट्रिऑन आणि ओपन कलेक्टिव्ह या पैसे गोळा करून देणाऱ्या सेवा त्याच्या आधीपासून आहेत. बटण लावायला दहा मिनिटं लागतात. पुढे काय होतं ते मात्र तुमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतं की नाही यावर अवलंबून आहे.

ओपनएसएसएल बघा. इंटरनेटवरच्या सुरक्षित व्यवहारांचा फार मोठा भाग या लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांच्या पोटात वापरायच्या तयार कोडवर, चालतो. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यातला हार्टब्लीड हा गंभीर बग उघड झाला तेव्हा लोकांना कळलं, की तिला वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळते. प्रकल्प तगून होता तो सल्ल्याच्या आणि प्रमाणपत्रं मिळवून देण्याच्या कंत्राटी कामांवर. ईमेल आणि फाइली कूटबद्ध करणाऱ्या जीपीजीचे वर्नर कॉख यांची गोष्टही त्याच वळणाची. १९९७ पासून ते हे काम करत होते, पैसे संपत आले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांच्यावर बातमी आली आणि फेसबुक व स्ट्राइप यांनी वर्षाला प्रत्येकी ५०,००० डॉलर द्यायचं कबूल केलं. त्या आठवड्यात काही त्यांचा कोड अचानक सुधारला नव्हता. देणगी बातमीला मिळाली, आणि बातमीवर दर महिन्याचं भाडं भरता येत नाही.

आता दुसरी बाजू. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी बुडाली तेव्हा, २००२ मध्ये, गुंतवणूकदारांकडून कोड सोडवून घ्यायला १ लाख युरो हवे होते. सात आठवड्यांत लोकांनी जमवले. थंडरबर्ड या ईमेल ॲपला २०२२ या एका वर्षात ६० लाख डॉलरहून जास्त देणग्या आल्या, जवळजवळ सगळ्या वापरणाऱ्यांकडून. ब्लेंडर आणि थंडरबर्ड माणसं दिवसभर उघडून बसतात आणि त्यांचं नाव तोंडपाठ असतं. चार थर खाली बसलेल्या लायब्ररीचं नाव तिच्यावर धंदा करणाऱ्या कंपनीच्या मालकालाही माहीत नसतं. वेबपानं बांधायच्या व्ह्यू या साधनाचे इव्हान यू २०१६ पासून पेट्रिऑनच्या जोरावर पूर्ण वेळ काम करू लागले हे खरं, पण व्ह्यू वापरणारा प्रोग्रामर ते नाव रोज टाइप करतो. नवा जावास्क्रिप्ट कोड जुन्या ब्राउझरांना समजेल असा करणारं बेबेलही प्रोग्रामरच वापरतात, पण बहुतेकदा दुसऱ्या एखाद्या साधनाच्या पोटात. २०२१ मध्ये त्या मंडळींना, लाखो लोक वापरतात तरी आमचे पैसे का संपतायत, असं जाहीर लिहावं लागलं.

कंपन्यांकडून देणगी मागताना आणखी एक खोच आहे. तिथला प्रोग्रामर मनापासून द्यायला तयार असतो, पण त्याच्या साहेबाकडे देणगी नावाचं खातंच नसतं. खरेदीचं असतं. त्यामुळे तीच रक्कम, तेच काम, तोच माणूस, पण कागदावर ‘वार्षिक सपोर्ट’ असं लिहिलं तर पास होते आणि ‘देणगी’ लिहिलं तर अडकते.

नोकरी, पण त्याच प्रकल्पावर

याची चर्चा कमी होते आणि पैसा सगळ्यात जास्त इथेच आहे. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, येणारे बहुतेक पॅच (कोडमधले बदल) पगारी माणसांचे असतात: इंटेल, रेड हॅट, गूगल आणि अशाच कंपन्यांतले. खुद्द लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांचा पगार लिनक्स फाउंडेशन देतं. पायथॉन भाषेचे कर्ते गिडो व्हान रॉसम २००५ पासून गूगलमध्ये होते आणि अर्धा वेळ पायथॉनला देत, मग ड्रॉपबॉक्स, आणि २०२० पासून मायक्रोसॉफ्ट. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणाऱ्या कर्लचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी वीसेक वर्षं तो प्रकल्प नोकरी सांभाळून चालवला, आणि २०१९ मध्ये वुल्फएसएसएल या कंपनीत गेल्यावर कर्ल हेच त्यांचं काम झालं.

देणगीशी तुलना केली तर इथे रक्कम ठरलेली, विमा आहे, रजा आहे. बदल्यात काय जातं? काय आधी करायचं ते साहेब ठरवतो. आणि कंपनीचं मन फिरलं की कोड शिल्लक राहतो, पगार जातो. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० लोकांना काढलं, त्यात सर्वो या ब्राउझर इंजिनचा गट होता. सर्वो त्याच वर्षी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं आणि आजही जिवंत आहे. मुक्त लायसन्समुळे प्रकल्प वाचला. त्या माणसांना मात्र दुसरीकडे अर्ज करावे लागले.

तरीही, घर चालवायचं आणि आवडीचं काम सोडायचं नाही एवढीच इच्छा असेल तर मी पहिल्यांदा हाच दरवाजा ठोठावेन. तुमचा प्रकल्प ज्या कंपन्यांच्या उत्पादनात बसलाय त्यांची यादी बहुतेक वेळा तुमच्याच बग नोंदींत सापडते. कळवणाऱ्यांचे ईमेल पत्ते नीट वाचा.

सपोर्ट

मुक्त सॉफ्टवेअरभोवती सेवा विकणारी पहिली नाव घेण्यासारखी कंपनी सिग्नस, १९८९ ची. जीसीसी कंपायलर आणि त्याच्या सोबतची साधनं दुरुस्त करून द्यायची आणि त्याचं बिल लावायचं, असा धंदा. पुढे रेड हॅटने तीच कंपनी विकत घेतली. रेड हॅटचं वार्षिक उत्पन्न २०१२ मध्ये १ अब्ज डॉलरच्या वर गेलं आणि २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजून अख्खी कंपनी घेतली. हा आकडा ऐकून हुरळून जाण्याआधी ती काय विकते ते बघा. वर्षानुवर्षं तीच आवृत्ती सांभाळायची, सुरक्षेचे पॅच वेळेत द्यायचे, हार्डवेअरवर चालल्याचं प्रमाणपत्र द्यायचं, आणि फोन उचलायला माणूस ठेवायचा. त्यामागे हजारोंचा कर्मचारीवर्ग आहे. एकट्या मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, त्यातलं काय झेपेल?

थोडंसं झेपतं, आणि ते थोडंसं बरंच असू शकतं. एसक्यूलाइटचं उदाहरण मला फार आवडतं. हा डेटाबेस पब्लिक डोमेनमध्ये आहे, म्हणजे वापरायला कोणाची परवानगी, कसलं लायसन्स, काहीच लागत नाही. तरी त्याचे कर्ते लायसन्स विकतात! कारण काही कंपन्यांच्या वकिलांना ‘याचा मालक कोणी नाही’ हे पचत नाही, त्यांना सही-शिक्क्याचा कागद हवा असतो. ज्याची गरज नाही असा कागद, फाइलला लावायला. शिवाय मोठ्या कंपन्या वर्गणी भरून त्यांच्या कन्सोर्टियमच्या सदस्य होतात, आणि त्या बदल्यात कर्त्यांपर्यंत थेट पोच मिळते. लहान गट आहे, बाहेरच्यांचे पॅच सहसा घेत नाहीत, आणि नीट चाललंय.

अशी मागणी आहे हे कसं ओळखायचं? जानेवारी २०२२ मध्ये, लॉगफोरजेमध्ये सुरक्षेचं मोठं भगदाड सापडल्याच्या गोंधळानंतर, कर्लच्या स्टेनबर्ग यांना एका बड्या कंपनीचा ईमेल आला. तुमच्या उत्पादनात लॉगफोरजे आहे का, कोणत्या आवृत्त्यांना धोका आहे, आमच्या माहितीचं काय झालं, असे प्रश्न, आणि २४ तासांत उत्तर द्या. कर्ल सी भाषेत आहे आणि लॉगफोरजे जावाची लायब्ररी, हे विचारणाऱ्याला ठाऊक नव्हतं. सपोर्टचं कंत्राट करा, मग आनंदाने उत्तर देतो, असं त्यांनी कळवलं. असा ईमेल आला की माणूस चिडतो. चिडावंच. पण चिडून झाल्यावर लक्षात घ्या, की पलीकडे एक माणूस आहे ज्याला तुमच्याकडून कागद हवाय आणि ज्याच्या कंपनीकडे खरेदी विभाग आहे.

सपोर्टची खरी खोट वेगळीच आहे. सॉफ्टवेअर जितकं निर्मळ, दस्तऐवज जितके स्वच्छ, तितके सपोर्टचे फोन कमी. म्हणून तासावारी दुरुस्तीपेक्षा वर्षाची ठोक रक्कम घ्यावी. शिवाय तास विकले तर दिवसाला तास किती, या भिंतीवर लवकरच डोकं आपटतं.

लायसन्स

इथे दोन पोटजाती. दुहेरी लायसन्समध्ये एकच कोड जीपीएलखाली सगळ्यांना, आणि ज्यांना आपला कोड बंद ठेवायचाय त्यांना पैसे घेऊन. मायएसक्यूएल हा डेटाबेस यावर वाढला आणि २००८ मध्ये सन कंपनीने ते सुमारे १ अब्ज डॉलरला घेतलं. क्यूटी अजूनही असंच विकलं जातं. दुसरी पोटजात ओपन कोअर: गाभा मुक्त, वरचे काही भाग पैसे भरणाऱ्यांना. गिटलॅब तसं चालतं. एकट्या माणसासाठी जास्त बोधक उदाहरण साइडकिकचं. माइक पेरहॅम यांनी २०१२ मध्ये रूबी भाषेसाठी, पाठीमागे चालणारी कामं उरकायला, ते लिहिलं, मूळ आवृत्ती मुक्त ठेवली, मोठ्या कंपन्यांना लागणाऱ्या सोयी प्रो आवृत्तीत घालून वार्षिक वर्गणीवर विकल्या, आणि कित्येक वर्षं एकट्याने कंपनी चालवली.

सपोर्टच्या तुलनेत इथे झोपेतही पैसे येतात. त्या बदल्यात दोन अटी सांभाळाव्या लागतात. दुहेरी लायसन्ससाठी सगळ्या कोडचे हक्क तुमच्याकडे हवेत, म्हणजे पॅच देणाऱ्या प्रत्येकाकडून करार करून घ्यायचा, आणि काही लोक त्या करारावरूनच परत जातात. ओपन कोअरमध्ये, कोणी भला माणूस तुमच्या प्रो आवृत्तीतली सोय स्वतः लिहून मुक्त आवृत्तीसाठी पाठवतो तेव्हा काय करायचं, हे आधीच ठरलेलं बरं.

आणि लायसन्स नंतर बदलायचा विचार असेल तर आधी हे बघा. इलॅस्टिकने २०२१ मध्ये मुक्त लायसन्स बदलून जास्त बंधनांचं लावलं, ॲमेझॉनने ओपनसर्च नावाने फोर्क केलं, म्हणजे जुन्या कोडची वेगळी शाखा काढली. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये बदललं, त्यातून ओपनटोफू निघालं. रेडिसने मार्च २०२४ मध्ये बदललं, आणि काही दिवसांतच व्हॅल्की उभं राहिलं. पुढे इलॅस्टिक आणि रेडिस दोघांनीही एजीपीएल या जीपीएलच्या भावंडाचा पर्याय देऊन मुक्त लायसन्सकडे मान वळवली, पण गेलेले फोर्क परत आले नाहीत. या कंपन्यांकडे हा धक्का सोसायला भांडवल होतं. एकट्याने हा खेळ खेळू नये. जे लायसन्स शेवटी हवंय ते पहिल्या दिवशीच लावा.

उरलेले मार्ग

स्वतःच होस्टिंग विकणं, म्हणजे आपल्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवून देणं, घोस्ट किंवा डिस्कोर्ससारखं, उत्तम चालू शकतं. फक्त मग तुम्ही प्रोग्रामरपेक्षा रात्री उठून सर्व्हर बघणारे जास्त होता. अनुदानं वाढली आहेत: नेदरलँड्सचं एनएलनेट, जर्मनीने २०२२ मध्ये सुरू केलेला सॉव्हरिन टेक फंड, आणि २०२४ मध्ये जाहीर झालेला वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत देणारा फ्लॉस फंड. ठरावीक काम संपवायला अनुदान छान. पण ते संपतं, आणि पुढचा अर्ज लिहिण्यात महिने जातात.

एक मार्ग उगाच दुर्लक्षित राहतो. तयार बांधलेली प्रत विकणं. आर्डर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर जीपीएलखाली आहे, कोड कोणीही घ्यावा, पण अधिकृत संकेतस्थळावरून तयार आवृत्ती हवी तर पैसे भरायचे. त्याचे मुख्य कर्ते पॉल डेव्हिस यांचं घर त्यावर चालतं. क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत आणि स्टीम या ऑनलाइन दुकानात विकत मिळतं, आणि लोक विकत घेतात.

मग तुम्ही काय निवडावं?

सॉफ्टवेअर सामान्य माणूस उघडून वापरत असेल, तर तयार प्रत विका आणि ॲपमध्येच देणगीचं आवाहन ठेवा. ते कंपन्यांच्या सर्व्हरवर चालत असेल, तर ओपन कोअर, आणि सोबत वार्षिक सपोर्ट. लायब्ररी असेल, दुसऱ्यांच्या उत्पादनात गाडली जाणारी, तर नोकरी किंवा कंत्राट, देणगीवर विसंबूच नका. दुहेरी लायसन्स फक्त सगळा कोड तुमचाच असेल तर. आणि प्रकल्प इतका लहान असेल, की कोणीही एका दुपारी तसाच लिहील, तर त्यावर पोट भरायचा विचार सोडून तो छंद म्हणून ठेवण्यात कमीपणा नाही.

न देणाऱ्यांसाठी कुढत राबणं हा पर्याय मात्र यादीत नाही. २०२४ मधलं एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण आठवा. थकलेल्या, बिनपगारी मेंटेनरला मदत करतो म्हणून आलेल्या कोणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि मग रिलीजमध्ये चोरदरवाजा घातला.

राजीनामा देण्याआधी एक लहान प्रयोग करा. प्रकल्पाच्या पानावर वार्षिक सपोर्टची रक्कम, त्यात काय मिळेल याच्या चार ओळी, आणि बिल मागायचा पत्ता टाका. ‘किंमत विचारा’ असं लिहू नका, आकडा लिहा. आतल्या प्रोग्रामरला तो आकडा त्याच्या साहेबाला दाखवायचा असतो. सध्याच्या नोकरीचा करारही काढून वाचा, कारण कित्येक करारांत घरी लिहिलेल्या कोडवरही मालकाचा हक्क लिहिलेला असतो, आणि तसं असेल तर पहिलं बिल पाठवण्याआधी त्यातून लेखी सूट घ्यावी लागेल.