न्यू ऑर्डरचा ‘सबस्टन्स’: आठ महिने ऐकल्यानंतर

मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीने १९८७ साली काढलेला न्यू ऑर्डर या बँडचा हा दुहेरी संग्रह. पहिल्या सीडीवर १९८१ ते १९८७ या काळातली बारा सिंगल्स (स्वतंत्र तबकडीवर काढलेली गाणी), दुसरीवर त्यांच्या बी-साइड, म्हणजे त्या तबकड्यांच्या मागच्या बाजूची गाणी. फॅक्टरीच्या टोनी विल्सनना गाडीतल्या सीडी प्लेअरवर बँडची सगळी सिंगल्स सलग हवी होती, त्यातून ही कल्पना निघाली. गाणी तारखेच्या क्रमाने लावली आहेत आणि संग्रहाची खरी ताकद या क्रमातच आहे. पण त्या क्रमात दोन ठिकाणी खोट आहे. ती माहीत नसेल तर बँडचा प्रवास चुकीचा कळतो.

सुरुवात ‘सेरेमनी’ने होते. हे मूळचं त्यांच्या आधीच्या बँडचं, जॉय डिव्हिजनचं गाणं. मे १९८०मध्ये त्याचा गायक इयन कर्टिस वारला आणि उरलेल्या तिघांनी नव्या नावाने सर्वांत आधी हेच बाहेर काढलं. संग्रहात आहे ती चौथी सदस्य जिलियन गिल्बर्ट आल्यानंतरची दुसरी नोंद (ध्वनिमुद्रण). इथे पीटर हूकच्या बेसकडे कान द्या. तो ठेका धरण्यापुरता वाजत नाही, वरच्या पट्टीत चक्क चाल वाजवतो. गिटारच्या गोंगाटात स्वतःचा बेस ऐकू येईना म्हणून त्याला जॉय डिव्हिजनमध्येच ही सवय लागली होती. पुढे सगळं बदलतं, पण हा बेस शेवटच्या गाण्यापर्यंत सोबत राहतो.

‘एव्हरीथिंग्ज गॉन ग्रीन’मध्ये सीक्वेन्सरची (भरलेले सूर आपोआप वाजवणाऱ्या यंत्राची) धडधड पहिल्यांदा गिटारवर चढते. तिसऱ्या क्रमांकावर ‘टेम्प्टेशन’ येतं आणि पहिली खोट तिथेच आहे. गाणं १९८२चं, पण इथे ऐकू येते ती या संग्रहासाठी १९८७मध्ये पुन्हा केलेली नोंद. ड्रमचा आवाज मोठा, गुळगुळीत, पाच वर्षं पुढचा. मूळ नोंदीत बँड यंत्रांशी झटापट करतो आहे हे जाणवतं; इथे यंत्रं हाताखाली आलेली आहेत. ‘कन्फ्यूजन’चीही तीच गत. न्यूयॉर्कचा निर्माता आर्थर बेकर याच्यासोबत केलेलं १९८३चं आठ मिनिटांचं गाणं इथे नव्याने वाजवलेलं आणि पाच मिनिटांच्या आत आटोपलेलं मिळतं.

या दोन नोंदींच्या मधोमध ‘ब्लू मंडे’ उभं आहे, १९८३चं मूळ, साडेसात मिनिटांचं. ओबरहाइम डीएमएक्स ड्रम मशीन, मूग सोर्स या सिंथेसायझरवरचा सिंथ बेस आणि त्यावर हूक. सीक्वेन्सरमध्ये सुरावट भरताना एक स्वर राहून गेला, म्हणून ती ठेक्याशी नीट जुळत नाही, समेला किंचित चुकते. ती चूक दुरुस्त न करण्यातच शहाणपण होतं. दर वेळी ऐकताना कान त्या जागेची वाट पाहतो.

दुसरी अडचण लांबीची. त्या काळी एका सीडीवर साधारण ७४ मिनिटं मावत, त्यामुळे काही गाण्यांना कात्री लागली. ‘शेलशॉक’ बारा इंची तबकडीवर साडेनऊ मिनिटांहून मोठं होतं, इथे साडेसहाच्या आत आहे. ‘सब-कल्चर’ साडेसातवरून पाचच्या खाली आलं. ‘द परफेक्ट किस’चा शेवटही सीडीवर आधीच विरतो, आणि ही कापाकापी मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्या गाण्याचा सगळा जोर शेवटच्या चढावात आहे.

उपाय सोपा आहे. प्लेलिस्ट बनवा आणि ‘टेम्प्टेशन’, ‘कन्फ्यूजन’, ‘द परफेक्ट किस’ या तिन्हींच्या जागी मूळ बारा इंची नोंदी टाका. ‘टेम्प्टेशन’ची पावणेनऊ मिनिटांची मूळ नोंद ‘१९८१–१९८२’ या ईपीवर (छोट्या अल्बमवर) आहे. ‘ब्लू मंडे’ शोधताना नावापुढे ८८ आकडा दिसला तर ते १९८८चं रीमिक्स समजा. क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी सोय) बंद ठेवा. इक्वलायझरवर खालचे सूर वाढवू नका. सिंथ बेस फुगतो आणि त्याच्या वरचा हूक गढुळतो. फोनच्या स्पीकरवर याच्या उलट होतं: सिंथ बेस गायब होतो, एकटा हूक उरतो आणि गाणं पोकळ वाटतं. साधे बंदिस्त हेडफोनही पुरतात.

जुन्या सीडीच्या आवाजाची पातळी कमी आहे, आवाज थोडा वाढवून ऐका. २०२३मध्ये नव्याने मास्टर केलेली आवृत्ती निघाली. तिच्या चार सीडींच्या संचात सप्टेंबर १९८७ची कॅलिफोर्नियातली मैफल आहे. त्या रात्री बँडने हाच संग्रह याच क्रमाने मंचावर वाजवला होता.

‘स्टेट ऑफ द नेशन’ मात्र दहाव्यांदा ऐकूनही मनात उतरत नाही. ते वगळून शेप पेटिबोनने रीमिक्स केलेल्या ‘बिझार लव्ह ट्रँगल’वर गेलं तरी काही बिघडत नाही. शेवटचं ‘ट्रू फेथ’ निर्माता स्टीफन हेगसोबत याच संग्रहाच्या निमित्ताने केलेलं. ते संपलं की लगेच दुसऱ्या सीडीवरची त्याची बी-साइड ‘१९६३’ लावा. बी-साइड असूनही ते पहिल्या सीडीवरच्या निम्म्या गाण्यांपेक्षा सरस आहे.