खेळाडूची नजर आणि हात चपळ करायच्या सरावाला काय घ्यावं: रिअ‍ॅक्शन बॉल की स्ट्रोब चष्मा?
रिअ‍ॅक्शन बॉल म्हणजे टेंगळं आलेला रबरी चेंडू. भिंतीवर मारला की कुठे उसळेल याचा नेम नाही. हात पुढे जाईतो तो गुडघ्याशी. किंमत किरकोळ, एक भिंत पुरते. (आमच्या खडबडीत मैदानावर साधा चेंडूही असाच उडतो म्हणा!)

स्ट्रोब चष्म्याच्या काचा क्षणात स्वच्छ, क्षणात काळ्या. चेंडूचा मधला प्रवास डोक्यानेच जुळवायचा. अमेरिकेतल्या कॅरोलायना हरिकेन्स संघाच्या आइस हॉकीपटूंवरचा प्रयोग 2013 साली प्रसिद्ध झाला; चष्मेवाल्यांची कामगिरी 18 टक्क्यांनी सुधारली, पण खेळाडू अवघे 11. शिवाय चष्मा महाग, आणि फिट्स येणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊच नये. गोलकीपरसाठी परवडला तर घ्या. बाकीच्यांच्या हातात मी आधी चेंडूच देईन.