पटकथा लिहायला शिकायचं तर एफटीआयआय की स्वतःची शॉर्टफिल्म?

१९६० साली पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेल्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षण संस्थेत तुमची पटकथा जाणकार लोक वाचतात, वर जगभरचे सिनेमे मोठ्या पडद्यावर पाहायला मिळतात. पण जागा मोजक्या आणि प्रवेश परीक्षा अवघड.

स्वतः फिल्म करताना चूक थेट खिशाला लागते. एक खोली, तीन पात्रं, दोन दिवसांचं शूट एवढंच परवडतं, म्हणून फापटपसारा लिहितानाच गळतो. आवाजावर मात्र काटकसर नको. धूसर चित्र चालून जातं, न कळणारा संवाद नाही. पुरुषोत्तम करंडक या पुण्यातल्या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी लिहिलेल्यांना संवाद कुठे रेंगाळतो हे चांगलं कळतं, कारण ती स्पर्धा जिथे होते त्या भरत नाट्य मंदिरातला प्रेक्षक तिथेच चुळबुळतो.

मी आधी शॉर्टफिल्म करायला सांगेन, प्रवेशाचा अर्ज त्यानंतर.