टीम डिसिजन वर्कशॉप: दुपारचे पैसे वसूल, सकाळचे पाण्यात

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप, फौंड्रीतनं कास्टिंग येतंय ते मशीनिंग करून द्यायचं. मिटिंग म्हणजे साहेब बोलणार, आम्ही आठजण माना डोलवणार आणि खरी मिटिंग नंतर चहाच्या टपरीवर. म्हणून साहेबांनीच बाहेरनं एक ट्रेनर दिवसभरासाठी बोलावला, नाव लिहीत नाही.

सकाळचे दोन तास नुसत्या स्लाइड, त्याबी इंग्लिशमध्ये, निम्मी पोरं मोबाईलवर. ध्यानात राहिला तेवढा सॉलोमन ॲशचा १९५१ चा प्रयोग, रेघांची लांबी ओळखायची, आधीची मंडळी ठरवून चुकीचं सांगतात आणि ज्याला काहीच माहीत नाही तो बिचारा डोळ्यांना दिसत असूनबी साधारण तीनात एकदा त्यांच्यामागं जातोय. मागनं एकजण म्हणाला, हे तर आपल्यात रोज चालतंय.

जेवणानंतर मात्र नाद खुळा! आमचाच विषय घेतला, सेकंड हँड व्हीएमसी (धातू कापायचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) घ्यायचं का नाही, ज्याला आधी सगळे ‘घेऊया’ म्हणून मोकळे झालेलो. ट्रेनर म्हणाला, समजा वर्ष झालं आणि मशीन घेऊन आपण फसलो, तर का फसलो ते चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका, एकमेकांशी बोलू नका. प्री-मॉर्टेम म्हणतात याला, गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची पद्धत. नऊ चिठ्ठ्या निघाल्या, त्यातल्या पाचांवर स्पिंडल, म्हणजे मशीनमधला टूल फिरवणारा भाग. शेवटी ऑपरेटर पोरगं म्हणालं, "ट्रायलला गेलतो तवाच तापल्यावर आवाज करत होता, झेडला बॅकलॅश पण हाय, वरखाली जाताना ढिलं पडतंय."

साहेब म्हणाले, मग बोलला का नाहीस?

"तुम्ही ॲडव्हान्स किती द्यायचा ते बोलत होता की."

कोणच हसंना, मग साहेबच हसले.

पुढं बोलायची रांग उलटी लावली, सगळ्यात नवा पोरगा आधी, साहेब शेवटी. आणि निर्णय कुणाचा ते आधीच फळ्यावर लिहायचं: मत सगळ्यांचं, निर्णय साहेबांचा. हे मला जास्त पटलं, नाहीतर ‘सगळ्यांनी ठरवलं’ म्हणायचं आणि फसलं की खापर ऑपरेटरवर.

पाचात साडेतीन. बोलवणार असाल तर फक्त दुपारचं सेशन मागा आणि मराठीत घ्या म्हणून आधीच सांगा.

मशीन घेतलं नाही. पण परवा साहेब मिटिंगला आत येता येताच म्हणाले, "नाईट शिफ्ट चालू करूया, काय वाटतंय?" आणि आठच्या आठ माना डोलल्या, माझी पण. मग गुपचूप कोऱ्या चिठ्ठ्या काढून वाटल्या.